एका खोट्या यंत्राची खरी नक्कल

जी वस्तु मुळांत कधीं खरी नव्हती, तिची हुबेहूब प्रत करण्यासाठीं पावणेदोन वर्षें आणि बरेंचसें द्रव्य खर्च करणाऱ्या मनुष्यास शहाणा म्हणावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या घरांत पुष्कळदां निघाला आहे आणि त्याचा निकाल प्रत्येक वेळीं आमच्याविरुद्ध लागला आहे. बाबूराव पेंटरांनीं १९१८ च्या सुमारास कोल्हापुरांत दामल्यांच्या साहाय्यानें चलच्चित्रांचा कॅमेरा स्वतः तयार केला, त्याचें कौतुक अद्यापि होतें. कारण त्या कॅमेऱ्यानें चित्रें निघालीं. आमच्या यंत्रानें कांहींच होत नाहीं. तें तळहातावर मावतें, मनगटाच्या एका झटक्यासरशीं त्याचें जाळीदार झांकण उघडतें, आंत एक चकती फिरूं लागते, आणि येथें त्याचें कार्य संपतें. त्यांतून कोणाशीं बोलतां येत नाहीं. ज्या मूळ यंत्रावरून तें केलें, त्यांतूनहि कोणी कधीं कोणाशीं बोललेलें नाहीं; बोलल्याचा अभिनय तेवढा पुष्कळ झाला आहे.

आमच्या गांवाविषयीं दोन वचनें प्रसिद्ध आहेत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' हें एक. त्याचें कारण सांगणारे जितके भेटतात तितकीं कारणें निराळीं असतात, परंतु अभिमान सर्वांचा सारखाच. दुसरें, 'बनी तो बनी, नहीं तो परभणी.' साधलें तर साधलें, नाहीं तर आपली परभणी आहेच! हें वचन बाहेरच्यांनीं थट्टेनें काढलें असेल; आम्हांस मात्र या कामांत त्याचा फार आधार वाटला. ज्याला परतावयास परभणी आहे, त्याला पडून पडून किती खोल पडावयाचें?

आतां यंत्राविषयीं. 'स्टार ट्रेक' ही अमेरिकन मालिका १९६६ च्या सप्टेंबरांत सुरू झाली आणि ७९ भाग होऊन १९६९ च्या जूनमध्यें बंद पडली. तिच्यांतील तारकायानाचे अधिकारी परक्या ग्रहावर उतरले कीं कमरेची एक काळी डबी काढून तिचें झांकण उडवीत आणि वर यानाशीं बोलत. दूरदर्शनवर ही मालिका १९८० नंतरच्या दशकांत रविवारीं सकाळीं दाखवीत असत. आमच्या घरीं तेव्हां कृष्णधवल संच होता. वाऱ्यानें छपरावरचा अँटेना फिरला कीं आम्हीं वर चढून तो हलवावयाचा, आणि थोरल्या बंधूंनीं खिडकींतून 'आलं, आलं, गेलं' असें ओरडावयाचें, अशी कामाची वांटणी होती. त्यामुळें कित्येक भागांचा उत्कर्षबिंदु आम्हीं छपरावरूनच ऐकलेला आहे. संवाद सगळे इंग्रजींत. बंधु दहावींत होते, आम्ही सातवींत. ते जें भाषांतर सांगत त्यांतलें निम्मेंअधिक त्यांचें स्वतःचें असे, हें पुढें मूळ भाग पाहावयास मिळाले तेव्हां कळलें. त्यांचेंच कथानक पुष्कळ ठिकाणीं अधिक रंगतदार होतें, असें आमचें अजूनहि मत आहे.

आजी एकदां बराच वेळ पाहात बसली आणि मग म्हणाली, "तो सारखी चुन्याची डबी उघडून कुणाशी बोलतोय रे?" या एका वाक्यानें आमचा आयुष्यभराचा छंद ठरला. तिच्या चंचींतील पितळी डबी त्याच दुपारीं नाहींशी झाली आणि वाड्याच्या मागच्या अंगणांत परग्रहावर सांपडली. अण्णा, म्हणजे आमचे वडील, जिल्ह्यांतील एका शाळेंत कवायतीचे शिक्षक होते. रविवारीं सकाळीं मुलांना मैदानावर पळवून ते घरीं येत तेव्हां मालिकेचा शेवटचा भाग चालूं असे. "यांना पळता येत नाही. कोपर बघा कुठं चाललंय," एवढेंच ते म्हणत आणि आंघोळीस जात. त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें.

ती डबी घडविणाऱ्याचें नांव वा मिंग चँग. हा १९१७ सालीं होनोलुलूस जन्मलेला चिनी वंशाचा शिल्पी. ऐन तारुण्यांत पोलिओनें पाय गेले. पुढें लोखंडी पट्ट्यांच्या आधारानें चालत असे. डिस्नेच्या चित्रपटांसाठीं त्यानें लहान लहान पुतळे केले, 'क्लिओपात्रा'साठीं मुकुट केला. 'द टाइम मशीन' या १९६० च्या चित्रपटांतील करामतींस ऑस्कर मिळालें, पण तें त्याच्या सहकाऱ्यांच्या नांवें. 'स्टार ट्रेक'च्या नामावळींतहि त्याचें नांव आलें नाहीं. २००३ सालीं तो वारला. सुमारें दहा डब्या त्यानें केल्या असें सांगतात. त्यांतल्या दोन जवळून चित्र घेण्यासाठीं, फिरत्या चकतीसह. बाकीच्या कमरेस लटकविण्यासाठीं किंवा आपटण्यासाठीं. देवळांत मूळमूर्ति निराळी आणि पालखींतून मिरविण्याची उत्सवमूर्ति निराळी असते, तसाच हा प्रकार. हाताचें काम असल्यामुळें कोणत्याहि दोन डब्या एकमेकींसारख्या नाहींत. त्या मालिकेचें एकंदर घरच काटकसरीचें होतें. यानावरच्या वैद्याच्या हातांत रोग ओळखण्याचीं जीं उपकरणें दिसतात, तीं वस्तुतः मीठ शिंपडण्याच्या डब्या. मिठाच्या डब्या म्हणून त्या एका भागासाठीं आणल्या. परंतु त्यांचा आकार इतका विचित्र कीं, पाहणाऱ्यास तें मीठ आहे असें वाटेना. तेव्हां त्या वैद्याकडे गेल्या. आमच्या आजीची नजर एवढी चुकली नव्हती तर!

हुबेहूब प्रत करावयास बसलें म्हणजे पहिला प्रश्न येतो तो असा, कीं हुबेहूब कशाशीं? कारागिरानें केलेल्या वस्तूशीं कीं पडद्यावर दिसलेल्या वस्तूशीं? दोन्ही एकच असें सामान्यतः वाटतें, पण तें खरें नाहीं. कप्तान कर्कचा सदरा सगळे जग पिंवळा म्हणून ओळखतें. तें कापड हिरवट होतें. दिव्यांच्या प्रकाशांत आणि त्या काळच्या फिल्मवर तें पिंवळें उमटलें. मग प्रत करणाऱ्यानें कापड हिरवें घ्यावें कीं पिंवळें? तारकायानाची अकरा फुटी प्रतिकृति १९७४ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेकडे आली. तिची १९९१ सालीं डागडुजी झाली तेव्हां तबकडीवर रंगविलेल्या रेषा फार गडद झाल्या म्हणून चाहत्यांनीं केवढा गहजब केला! २०१६ सालीं पुन्हां काम काढलें, त्या वेळीं जुनीं छायाचित्रें गोळा करून, रंगाचे थर तपासून, आणि तबकडीच्या वरच्या बाजूचा मूळ रंग जसाच्या तसा राखून तें पुरें करावें लागलें. जें यान कधीं उडालें नाहीं त्याच्या रंगासाठीं एवढा खटाटोप! पण आम्हांस त्यांत हंसण्यासारखें कांहीं दिसत नाहीं.

आमची अडचण आणखी एका पायरीची. कापड हिरवें, फिल्म पिंवळी, आणि आमच्या संचावर तो सदरा राखाडी. बंधूंस मात्र तो पिंवळाच आठवतो. "आपल्या घरी पिवळाच दिसायचा," असें ते आजहि शपथेवर सांगतात. रंगीत संच घरीं आला तो त्यांच्या लग्नांत. तोंपर्यंत मालिका केव्हांच संपली होती. यावर आम्हीं वाद घालणें सोडून दिलें आहे. डबीपुरतें आम्हीं असें ठरविलें कीं, मापें कारागिराच्या वस्तूचीं घ्यावयाचीं (संग्राहकांनीं मूळ डब्या मोजून तीं प्रसिद्ध केलेलीं आहेत), आणि दर्शन मात्र पडद्यावरचें. काळ्या अंगाविषयीं प्रश्नच नव्हता. कृष्णधवल संचानें तेवढा न्याय केला होता.

अंग प्लॅस्टिकचें. मूळ डब्यांचें अंग तापवून मऊ केलेला प्लॅस्टिकचा पत्रा सांच्यावर ओढून केलेलें होतें. सांचा आम्हीं सागाचा कोरला. पत्रा तापवून दिला तो दुकानांच्या पाट्या करणाऱ्या एका तरुणानें. पहिले चार पत्रे कोपऱ्यांशीं फाटले. मे महिन्याचे दिवस, पारा चव्वेचाळिसांवर. "साहेब, पत्रा नुसता गच्चीवर ठेवा, आपोआप बसंल," असा सल्ला त्यानें गंभीरपणें दिला. पांचवा बसला.

झांकणाची जाळी पितळेची. आमची नजर प्रथम घरच्या पुरणयंत्राच्या जाळीवर गेली, आणि ती गेली आहे हें स्वयंपाकघरांत तत्काळ समजलें. त्यानंतर होळीपर्यंत पुरणयंत्र कुलपांत होतें. शेवटीं सराफ्यांतील एका कारागिराकडे गेलों. त्यानें पातळ पत्र्यावर आंखणी केली आणि नथीच्या कामाला वापरतात तसल्या बारीक सामत्यानें शेंकडों छिद्रें इतक्या समान अंतरानें पाडलीं कीं, आम्हांस संकट पडलें. मूळ काम घाईचें, दहा हातांवरून पाहण्यासाठीं केलेलें. त्यांत कांहीं वांकडेंतिकडें असणारच. आम्हीं त्याला म्हटलें, एखादी ओळ जराशी हलवून द्या. त्यानें भिंग डोळ्यावरून काढलें. "साहेब, वाकडं करायचं तर दुसऱ्या कुणाकडं द्या. माझ्या हाताला ती सवय नको." आम्हीं तो पत्रा तसाच घेतला. आमच्या डबीची जाळी मूळ डबीहून चांगली आहे. ज्यांस हा दोष वाटेल त्यांनीं सराफ्यांत जाऊन त्या गृहस्थांशीं बोलावें.

येथपर्यंतचें काम म्हणजे पैसा आणि चिकाटी. खरी गोष्ट पुढें आहे. झांकण उघडल्यावर आंत ज्या लाटा फिरतांना दिसतात, त्यांची युक्ति मोठी साधी. दोन बारीक विणीच्या मच्छरदाण्या एकीवर एक धरल्या म्हणजे त्यांत पाण्यासारख्या लाटा दिसतात, आणि एक केंसभर सरकली कीं लाटा हातभर धांवतात. डबींत एक रेघाळ आकृति स्थिर असते आणि तिच्याखालीं दुसरी फिरते. फिरण्याचा वेग अगदीं थोडा पुरतो. डोळ्यास मात्र तें खळबळलेलें दिसतें. आणि ही चकती फिरविण्यासाठीं मूळच्या डब्यांत स्टॉपवॉचचें यंत्र बसविलेलें होतें.

स्टॉपवॉच आमच्या घरीं होतें. शाळेचें बिघडलें आणि नवें मंजूर होईना, तेव्हां अण्णांनीं तें १९७१ सालीं स्वतःच्या पगारांतून घेतलें. सेकंदाचा पांचवा भाग दाखविणारें, किल्लीचें, मुठींत गच्च बसणारें. मागच्या झांकणावर त्यांनीं भांड्यांवर नांवें घालणाऱ्याकडून टिंबाटिंबांनीं आपलें नांव आणि तारीख घालून घेतली होती. आमच्या आईच्या तांब्यावर आहे तेंच वळण. जिल्ह्यांतील किती मुलें त्या कांट्यापुढें धांवलीं याची गणती नाहीं. गळ्यांत काळी दोरी, डाव्या हातांत शिट्टी, उजव्या अंगठ्याखालीं तें घड्याळ, अशीच त्यांची मूर्ति आमच्या डोळ्यांपुढें येते. ते २००९ सालीं गेले. घड्याळ कपाटांत राहिलें. त्याला किल्ली देण्याचें कोणाला कांहीं कारण नव्हतें. पळण्याचा वेळ मोजणें आतां मोबाइलवरहि होतें.

मोबाइलवरून आठवलें. भारतांतील पहिलें मोबाइल संभाषण ३१ जुलै १९९५ रोजीं कलकत्ता व दिल्ली यांच्या दरम्यान झालें, आणि पुढच्याच वर्षीं मोटोरोलानें झांकण उघडून बोलण्याचा फोन काढला; त्याचें नांव 'स्टारटॅक.' नांवावरूनच कोणाचें ऋण तें समजावें. असा एक फोन परभणीच्या बाजारांत प्रथम पाहिला तेव्हां बंधु दुकानांतच मोठ्यानें हंसले आणि "चुन्याची डबी!" म्हणाले. दुकानदारास अर्थातच तें रुचलें नाहीं.

अण्णांचें घड्याळ डबींत घालावयाचें म्हणजे तबकडी आणि कांटे काढावे लागणार, आणि कवचासह तें आंत मावत नसल्यामुळें कवचहि काढावें लागणार, हें आम्हीं बंधूंस पुण्यास फोन करून सांगितलें. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ते म्हणाले, "अण्णांचं घड्याळ तू खेळण्यात घालणार?"

त्यांचा पक्ष दुबळा नव्हता. जुन्या बाजारांत दुसरें स्टॉपवॉच मिळतें. मिळालेंहि होतें, दोन आणलीं, एकाचा बॅलन्स तुटका, पण दुसरें दुरुस्त होण्यासारखें होतें. पुतण्यानें तर त्याहून सोपा उपाय काढला. त्यानें पुण्यास संगणकावरून आंखणी घेऊन आख्खी डबी एका रात्रींत यंत्रावर छापून घेतली, आंत बोटाच्या पेराएवढी मोटर बसविली आणि आम्हांस पाठवून दिली. मापांत केंसाचा फरक नाहीं. ती आमच्याच फडताळांत आहे आणि घरांतलीं मुलें तिच्याशींच खेळतात, कारण ती पडली तरी कोणी ओरडत नाहीं. तेव्हां अण्णांचेंच घड्याळ पाहिजे होतें असें नाहीं. खरें कारण निराळें. तें घड्याळ पुन्हां चालूं व्हावें असें आमच्या मनांत बरींच वर्षें होतें, आणि नुसतेंच कपाटापाशीं उभें राहून किल्ली देणें आम्हांस कधीं जमलें नाहीं. त्याला कांहींतरी काम हवें होतें. बंधूंचें म्हणणें, ज्याचें घड्याळ तो गेला, तेथें तें थांबलें, तेंच त्याचें योग्य स्थान. दोघांचेंहि म्हणणें एकाच मनुष्यावरील प्रेमांतून निघालें होतें, त्यामुळें तडजोडीस जागाच उरली नाहीं. चार महिने आम्ही फोनवर पाऊस, प्रकृति आणि मुलांचे निकाल एवढ्यांविषयींच बोलत होतों.

स्टेशनाकडच्या रस्त्यावर एक वृद्ध घड्याळजी बसतात. त्यांच्या टेबलाचा अर्धा भाग घड्याळांचा आणि अर्धा मोबाइल दुरुस्त करणाऱ्या त्यांच्या मुलाचा. मध्यें कांचेची उभी पट्टी. घड्याळांचा अर्धा आतां पुरता अर्धाहि राहिलेला नाहीं. त्यांनीं स्टॉपवॉच कानाशीं नेलें, किल्ली दिली, पुन्हां कानाशीं नेलें. "चलती घडी है, साहब. चलती घडी कोई खोलता है क्या?" आम्हीं त्यांना सर्व हकीकत सांगितली, बंधूंचें म्हणणेंहि सांगितलें, कारण तें लपविणें बरोबर झालें नसतें. त्यांनीं दोन दिवस विचार करण्यास मागितले. तिसऱ्या दिवशीं म्हणाले, कानस लावणार नाहीं, भोंक पाडणार नाहीं, कांहीं कापणार नाहीं. सेकंदकांटा दाबून बसविलेला असतो, तो उचलूं. त्याच जागीं एक बारीक नळी बसवूं आणि नळीवर चकती. पण चकती इतकी हलकी पाहिजे कीं घड्याळाला ती कळतां कामा नये; सेकंदकांट्याच्या अंगीं बळ तें कितीसें असणार!

झेरॉक्सच्या दुकानांत पारदर्शक कागदावर रेघांची चकती छापून घेतली. पहिली जड झाली; बसवितांच घड्याळ थांबलें. तिच्याहून पातळ कागद शोधण्यांत पंधरा दिवस गेले. दुसरी मध्यापासून किंचित् सरकलेली होती; ती एका बाजूस चढतांना अडखळे आणि उतरतांना धांवे. तिसरी फिरली. घड्याळजींनीं तबकडी, दोन्ही कांटे आणि कवच एका लखोट्यांत घालून त्यावर तारीख लिहिली, आणि सांगितलें कीं पूर्ववत् करावयाचें झाल्यास अर्ध्या तासाचें काम आहे. मग मुलाच्या बाजूस पाहून म्हणाले, "जब तक मैं बैठा हूँ."

कागदाची ती चकती मिनिटांत एकच फेरा घेते. वरच्या रेघांतून पाहिलें म्हणजे मात्र लाटा बाहेरून आंत धांवत येतात, आणि सेकंदांतून पांच वेळां त्यांस बारीकसा हिसका बसतो. पडद्यावर असा हिसका दिसत असे कीं नाहीं हें त्या वेळच्या आमच्या संचावर कळणें अशक्य होतें. तेथें सगळेंच हिसकत असे. पुतण्याच्या डबींतील चकती सुरळीत फिरते आणि माशीसारखी गुणगुणते. आमची टिकटिक करते. मालिकेंत झांकण उघडतांच एक किलबिल ऐकूं येई. ती मागाहून मिसळलेली. ती घालण्याचा मोह आम्हीं टाळला, कारण तिच्याखालीं टिकटिक बुडाली असती.

दिवाळींत बंधु सहकुटुंब आले. डबीची गोष्ट पहिल्या दिवशीं कोणीच काढली नाहीं. पाडव्याच्या सकाळीं ओंवाळणें झाल्यावर त्यांनीं आपण होऊन फडताळ उघडलें, पुतण्याची डबी बाजूस सारली आणि आमची हातांत घेतली. झांकण त्यांनीं अगदीं बरोबर उडविलें. इतक्या वर्षांनींहि मनगट विसरलें नव्हतें. लाटांकडे त्यांनीं फारसें पाहिलें नाहीं. डबी कानाशीं लावून ते उभे राहिले. बायका फराळाचीं ताटें मांडीत होत्या, त्यांस हा सारा प्रकार फोन आल्यासारखा वाटला आणि वहिनींनीं "कुणाचा आहे?" असें विचारलेंहि.

"आकडे नाहीत याला," ते जरा वेळानें म्हणाले. आम्हीं सांगितलें, आंकडे तबकडीवर होते, ती लखोट्यांत आहे. पण एक फेरा म्हणजे एक मिनिट. मग त्यांनीं आमच्या धाकट्या नातवास अंगणांत बोलाविलें, फाटकापासून मागच्या चिंचेला शिवून यावयास सांगितलें आणि अण्णांच्या आवाजांत "हुश्शार!" म्हणून डबी उघडली. पोरगें अर्ध्या फेऱ्याच्या थोडें आंत परत आलें. "कोपर बाहेर जातंय तुझं," असें बंधूंनीं त्याला सांगितलें.

जातांना त्यांनीं लखोटा मागितला. आम्हीं दिला. कवचावरचीं टिंबें मळानें भरलीं होतीं, तीं त्यांनीं पुण्यास जाऊन स्वच्छ करून घेतल्याचें मागाहून कळविलें. डबी पूर्ववत् घड्याळ करावी कीं नाहीं, यावर त्यांनीं अद्याप कांहीं म्हटलेलें नाहीं. घड्याळजींची प्रकृति कशी आहे, हें मात्र ते फोनवर दर वेळीं विचारतात.